मामांची राखाडी

६ जानेवारी

मामा, नमस्कार.

आधी कबुली देते, मग खुशाली लिहिते. खुशाली आधी लिहायला घेतली तर कबुलीपर्यंत पोचायला दोन पानं लागतील आणि तोवर माझा धीर जाईल.

तुम्ही दिलेली गाडी मी खराब केली. बाहेरून नाही. बाहेर एक ओरखडाही नाही, रोज उतरल्यावर चारही बाजूंनी बघते. आतून केली. तुम्ही एकोणीस वर्षांपूर्वी आतल्या प्लॅस्टिकला जो राखाडी रंग दिला होता, तो आता चिकट झालाय. दारावर कोपर टेकलं की उचलताना चर्रकन आवाज येतो. आई म्हणते, "ही गाडी पाहुण्याला सोडतच नाही, धरून ठेवते." म्हणून रविवारी मी चिकटपणा काढायचं ठरवलं. घरात नखांचा रंग पुसायचं पाणी होतं, ते फडक्यावर घेऊन ड्रायव्हरच्या दारावर घासलं. चिकटपणा गेला. त्याच्याबरोबर रंगही गेला. माझ्या तळव्याएवढा पांढुरका डाग पडला. तिथेच थांबायला हवं होतं, पण मला वाटलं निदान कडा एकसारख्या कराव्यात. आता तो दोन तळव्यांएवढा आहे.

फोनच करणार होते. पण मागच्या वेळी मी "गाडी छान चालते" म्हटलं ते तुम्हाला "आजी छान चालते" असं ऐकू आलं, आणि कोणती आजी यावर आपली दहा मिनिटं गेली. चाळीस वर्षं गाड्या रंगवत कॉम्प्रेसरशेजारी उभं राहून तुमचे कान गेले, त्याला तुम्ही तरी काय करणार. पत्रच बरं.

आपल्या घरात शाळेत गेलेली मी पहिली, त्यामुळे काही बिघडलं की आई म्हणते, "पुस्तकात बघ." बघितलं. पाण्यात काय काय मिसळलेलं असतं ते सगळं पुस्तकात आहे, दाराच्या रंगाबद्दल काही नाही. मी आतले सुटे होणारे सगळे तुकडे काढलेत, चार दारांचे आणि डॅशबोर्डचे मिळून अकरा. प्रत्येकाच्या क्लिपा वेगळ्या पाकिटात घातल्यात आणि पाकिटावर लिहिलंय. त्यामुळे सध्या मी उघड्या पत्र्याच्या गाडीतून विहिरींवर पाण्याचे नमुने आणायला जाते आणि दार आतून उघडताना तार ओढावी लागते.

एप्रिलमध्ये तुम्ही राहायला येणार आहात. मशीन न वापरता नुसत्या डोळ्याने रंगाची शेड मिळवणारा माणूस म्हणून लोक तुम्हाला ओळखतात, आणि त्या डोळ्यांपुढे मला हे दार ठेवायचं आहे. या विचाराने मला जेवण जात नाही. आई म्हणते व्यवस्थित जातंय, ती मोजते.

काय करू ते कळवा. रागावलात तरी कळवा.

तुमची भाची

---

१४ जानेवारी

पोरी,

डाग पडला म्हणजे आभाळ पडलं नाही. प्लॅस्टिक आहे, कातडी नाही.

सगळे तुकडे साबणाच्या पाण्याने धू. सावलीत वाळव. मग बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घास. चिकट असेल ते सगळं निघालं पाहिजे. राहील ते हलकं घास, नव्या रंगाला पाय रोवायला जागा झाली की पुरे. वर प्रायमर, पण प्लॅस्टिकचा माग. साधा दिला तर सालपटं निघतील.

मग रंग, तीन हात. पहिला हात धुक्यासारखा, खालचं दिसलं पाहिजे. दुसरा हात उलटा. तिसरा भरून. दोन हातांच्या मध्ये एक चहा. घाई केलीस तर ओघळ येतील, आणि ओघळ आले तर मला सांगू नकोस.

मशीनची शेड आणायची नाही. मशीनला आकडे कळतात. ती राखाडी मी बनवली होती, माझ्या डोळ्यांत बसलीय. बाटली भरून पाठवतो. लहान स्प्रे गन पण पाठवतो, माझ्याकडे दुसरी आहे.

एप्रिलमध्ये येतो. घाबरू नकोस. मी फक्त बघेन.

मामा

---

२ फेब्रुवारी

मामा, नमस्कार.

पार्सल पोचलं. गन फडक्यात, फडकं डब्यात, डबा भुशात. आईने भुसा जपून ठेवलाय, कशाला ते तिलाही माहीत नाही.

तुकडे धुतले, वाळवले, घासले. पेपर पाण्यात भिजवून घासायला लागलं की राखाडी पाणी निघतं आणि बोटांच्या टोकांना आधी खरखर लागते, मग लागेनाशी होते. ती लागेनाशी झाली की थांबायचं, हे मला तिसऱ्या तुकड्याला कळलं. मग पहिले दोन परत घासले. प्रायमरही झाला. आपल्या कोपऱ्यावरचा पंक्चरवाला दुपारी दोन तास कॉम्प्रेसर वापरू देतो. तिथे भिंतीला पत्रा टेकवून मी जागा केलीय.

आता एक प्रश्न. हात म्हणजे रंगाचा थर, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण तुम्ही लिहिलंय, "दुसरा हात उलटा." उलटा हात म्हणजे डावा, असं मी धरलं. का, ते माझ्या लक्षात येईना, पण तुम्ही उगाच लिहिणार नाही. म्हणून दहा दिवस एका फुटक्या बादलीवर डाव्या हाताने प्रायमर मारून सराव केला. पहिल्या दिवशी बादलीपेक्षा माझी चप्पल जास्त रंगली. आता बऱ्यापैकी सरळ जातो. आई दारात उभी राहून म्हणाली, "शिकलेली माणसं सोपं कामही उलट्या हाताने करतात का गं?" बरोबर करतेय ना तेवढं कळवा, मगच सुरुवात करीन.

दुसरं, तुमचं अक्षर. तुम्ही नंबरप्लेटा रंगवता रंगवता अक्षरं शिकलात, म्हणून तुमचं पत्र मला नेहमी प्लेटवरून उतरल्यासारखं दिसतं. पण यावेळी ती ट्रकची प्लेट होती. अर्ध्या पानात मावणारं पत्र तीन पानं झालं. रागावलात का? तुमचे शब्द तसे वाटले नाहीत, अक्षर वाटलं.

रंगाची बाटली घट्ट बंद होती, एक थेंब सांडला नाही. उघडून बघितली. ओला रंग वेगळा दिसतो आणि वाळला की बसतो, असं तुम्ही नेहमी म्हणता, ते मला आठवलं. आईनेही बघितली. ती एकच शब्द बोलली, तो मी लिहीत नाही.

तुमची भाची

---

९ फेब्रुवारी

पोरी,

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं, तिला हसता हसता उचकी लागली. तिने पाणी पिऊन विचारलं आणि चप्पल कोणती रंगली. तेही कळव.

अगं उलटा म्हणजे डावा नाही. पहिला हात डावीकडून उजवीकडे मारलास तर दुसरा वरून खाली. आडव्यावर उभा. म्हणजे पहिल्याने सोडलेलं दुसरा धरतो. चाळीस वर्षांत किती पोरं शिकवली, उलट्याचा डावा कुणी केला नव्हता. ती शाळेत गेली नव्हती म्हणून असेल.

रागावलो नाही. पेन नवीन आहे, जाड चालतं.

रंग वाळल्यावर बसेल. लाव बिनधास्त. त्याच राखाडीने मी दोन वर्षांत आमच्या गल्लीतली अकरा फाटकं केली. हौस म्हणून. लोक जाता येता थांबून बघतात.

आई काय बोलली ते लिही. ती लहानपणापासून एकच शब्द बोलते आणि तो दिवसभर पुरतो.

मामा

---

२० फेब्रुवारी

मामा, नमस्कार.

चप्पल उजवी.

आणि रंग दिला. हे आधी पोटभर सांगते, कारण माझ्या आयुष्यात इतकं छान काही मी हाताने केलेलं नाही. पहिला हात दिला तेव्हा खरंच काही दिसलं नाही, आरशावर कुणी श्वास सोडावा तसं झालं. मला वाटलं गन बंद पडली. पंक्चरवाल्याने चहा मागवला. चहा संपला आणि वरून खाली दुसरा हात दिला, आणि ते धुकं हळूहळू जमून आलं. मी गन थांबवून नुसती बघत राहिले. पंक्चरवाला म्हणाला, "थांबू नका हो, हवा फुकट जाते." तिसरा हात भरून दिला. एकही ओघळ नाही, मामा. अकरा तुकडे, एक ओघळ नाही. तिसऱ्या दारावर एक डास बसला होता, तो वाळल्यावर बारीक पेपरने काढला आणि तेवढ्यावर परत हात दिला. आता कुठे बसला होता ते मलाही सापडत नाही.

आता दुसरं. हे पत्र मी दोन दिवस लिहितेय आणि इथे येऊन थांबतेय.

आई जो शब्द बोलली तो "वांगं".

रंग वाळला आणि बसला नाही. वांगीच राहिला. काळसर, सुरेख, ताजा वांगी रंग. पंक्चरवाला भला माणूस आहे, त्याने एवढंच विचारलं, "रंग तुम्हीच निवडलात का?"

आधी मला वाटलं माझं चुकलं. प्रायमर खालून रंग बदलतो का बघायला मी तुमचा रंग नुसत्या काचेवर लावला. वांगी. उन्हात बघितला, सावलीत बघितला, वांगी. आमच्या प्रयोगशाळेत पाण्याचा रंग पांढऱ्या टाइलवर ठेवून तपासतात, माझं रोजचं कामच ते आहे. टाइलवर एका बाजूला तुमची बाटली आणि दुसऱ्या बाजूला ॲशट्रेच्या मागची पट्टी ठेवली. तिच्यावर एकोणीस वर्षांपूर्वीची राखाडी अजून जशीच्या तशी आहे, तिला ऊन लागलेलं नाही आणि मीही तिला सोडलं होतं. तुमच्या बाटलीत निळं जास्त आहे, मामा. थोडं नाही, बरंच.

आमच्या प्रमुख बाई मागे उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, रंग कुणी बनवला. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांच्या सासूबाई पांढऱ्या कपड्यांना नीळ घालायच्या, ती हळूहळू वाढत गेली. शेवटी सगळं घर निळे सदरे घालून फिरायला लागलं आणि सासूबाई म्हणायच्या, अजून पिवळेच दिसतायत. मोतीबिंदू होता. त्यातून बघितलं की सगळं पिवळट दिसतं, म्हणून माणूस निळं घालत जातो.

मामा, मग मला तुमचं अक्षर आठवलं. आणि तुम्ही गाडी देताना म्हणालात, "मला आता कुठं जायचंय." तुम्ही तर भाजी आणायला पण गाडी काढायचात.

मी तुम्हाला हे न सांगता राहू शकले असते. दुकानातून मशीनची राखाडी आणून वरून एक हात दिला असता, एप्रिलमध्ये तुम्ही बघितलं असतं, तुम्हाला काय दिसलं असतं कुणास ठाऊक, आणि तुम्ही शाबास म्हणाला असता. ती शाबासकी मला घेता आली नसती. तुमच्या डोळ्याला मी चूक म्हणते आहे, हे मला कळतंय. पण डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू असेल तर निघतो. तुम्हाला पुन्हा खरी राखाडी दिसेल.

तुमची भाची

---

१२ मार्च

मामा, नमस्कार.

तीन आठवडे झाले, तुमचं पत्र नाही. पोस्टमन सायकल न थांबवता जातो आणि मला वाटतं त्यालाही कळलंय. मामींना फोन केला, त्या म्हणाल्या, "जेवतात, झोपतात, बोलत नाहीत." मी चुकीच्या पद्धतीने लिहिलं का, हे शोधायला माझं पत्र डोक्यात पुन्हा पुन्हा वाचते. टाइलचं लिहायला नको होतं. टाइल फार झाली.

आई म्हणतेय तिलाही लिहायचंय. ती सांगतेय तसं लिहिते. शुद्ध करायचं नाही असं तिने बजावलंय.

"दादा, तू गप्प बसलास म्हणजे एक तर तू रागावलास, नाहीतर तुला भीती वाटतेय. राग असेल तर पोरीवर काढू नको, वांगं मी म्हटलं होतं. भीती असेल तर ऐक. लहानपणी झाडावरून पडलास आणि हात मोडला, तीन दिवस कुणाला सांगितलं नाहीस. डाव्या हाताने जेवलास आणि म्हणालास, मला आता असंच आवडतं. तेव्हा मी पाच वर्षांची होते आणि मला कळलं होतं. आता मी अठ्ठावन्नची आहे. डोळा काढून घेत नाहीत रे, पुसून परत देतात. नाही गेलास तर मी तिकडे येईन. तुला हाताला धरून तुमच्या गल्लीत फिरवीन आणि एकेका फाटकाचा रंग मोठ्याने सांगीन. अकराच्या अकरा. लिहिलंस का गं? आता खाली लिही, जेवण जातंय ना. मामीला विचारलं म्हण."

मामा, मला तुमची शाबासकी नको. तुमचे डोळे हवेत.

तुमची भाची

---

२६ मार्च

पोरी,

बघ, अक्षर लहान झालं की नाही. पेन तेच आहे.

आधी सगळं सरळ सांगतो. तुझं वांग्याचं पत्र आलं तेव्हा मी चिडलो. ते कपाटाच्या वर टाकलं, हात पोचू नये म्हणून. चौथ्या दिवशी खुर्ची घेऊन काढलं. मग समोरच्या शिंप्याकडे गेलो. त्याचं फाटक मी सगळ्यांत आधी केलं होतं. म्हटलं, खरं सांग, तुझ्या फाटकाचा रंग कोणता? तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल तो." मी म्हटलं, मी काय म्हणतो ते सोड, तुला काय दिसतं? त्याने तोंडात टाचण्या धरल्या आणि कापडाला घडी घालायला लागला.

मग पोस्टमनला गाठलं. तो सरळ माणूस आहे. म्हणाला, "बाबा, आम्ही पोस्टात टपाल वेगळं करताना तुमच्या गल्लीला वांगी गल्लीच म्हणतो. मला वाटलं तुम्ही लोकांनी ठरवून केलंय." घरी आलो, तुझ्या मामीला विचारलं. ती म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला आता रंगीत आवडायला लागलंय. वयाने होतं माणसाचं." दोन वर्षं, पोरी. दोन वर्षं अख्खी गल्ली माझ्याशी प्रेमाने खोटं बोलत होती.

तरी मी डॉक्टरकडे गेलो नाही. का, ते तुला लिहितो, मामीलाही सांगितलेलं नाही. मी ज्या मिस्त्रींच्या हाताखाली शिकलो त्यांचे डोळे गेले तेव्हा मालकाने त्यांना वर्कशॉपात खुर्ची दिली. चांगली खुर्ची, गादीची. चहा पहिला त्यांना. पण त्यानंतर त्यांना कुणी शेड विचारली नाही. आम्हीच नाही विचारली. मला डोळे गेल्याची भीती नव्हती, त्या खुर्चीची होती. म्हणून सगळं सुटायच्या आधी मीच सोडायला लागलो. गाडी तुला दिली, कारण समोरून येणारा दिवा मला फुटलेला दिसायचा. आणि दुसरी गन माझ्याकडे नाही. खोटं लिहिलं होतं.

मग तुम्हा दोघींचं पत्र आलं. तुझी आई खरंच येईल, मला माहीत आहे, आणि तिचा आवाज चार गल्ल्या जातो. दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठला.

उजवा डोळा झाला. अर्ध्या तासाचं काम. पट्टी काढली तेव्हा समोर नर्सबाई होत्या, मी त्यांना म्हटलं तुमचा गणवेश फार पांढरा आहे हो. त्या म्हणाल्या, सगळे असंच म्हणतात. डावा मे महिन्यात करायचाय. तोवर मजा ऐक. डावा मिटला की गल्ली वांगी. उजवा मिटला की गल्ली राखाडी. पुन्हा डावा मिटला की वांगी. मी सकाळपासून या टोकापासून त्या टोकापर्यंत हेच करत फिरलो. दुपारी शिंप्याची बायको मामीकडे येऊन म्हणाली, "तुमच्या यजमानांना जरा आवरा, दारोदार डोळे मारत हिंडतायत."

मामी आत्ताही हसतेय. मी पण.

टाइल फार झाली नाही. टाइल होती म्हणून मी गेलो. नुसतं म्हटलं असतंस तर मी म्हटलं असतं, पोरीला काय कळतं.

मामा

---

२ एप्रिल

मामा, नमस्कार.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. "डोळे मारत हिंडतायत"ला ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून इतका वेळ हसली की मला काळजी वाटली. मग म्हणाली, "परत वाच." तीनदा वाचलं. खुर्चीचं वाचलं तेव्हा मात्र ती उठली. भुशाची पिशवी उचलून बाहेर टाकून आली.

मी तुम्हाला आज पहिल्यांदा काळजीशिवाय लिहितेय. म्हणजे थोडी आहे. थेंब वेळेवर घालता ना? डोळ्यावर पाणी घेऊ नका. जड डबे उचलू नका. प्रमुख बाईंना विचारून लिहितेय.

अकरा तुकडे मी गाडीत बसवले. क्लिपा सगळ्या लागल्या, एकही उरली नाही. आई काल माझ्याबरोबर विहिरींवर आली. वाटेत दोनदा दारावर कोपर टेकवून उचललं आणि आवाज येतो का ऐकलं. म्हणाली, "आता ही गाडी सोडते माणसाला. वांग्यात बसल्यासारखं वाटतं, पण सोडते."

मी ठेवला असता हा रंग, पण खोटं लिहीत नाही, मला राखाडीच आवडते. तुम्ही आल्यावर पुन्हा करूया का? घासायचं मी करीन.

तुमची भाची

---

७ एप्रिल

पोरी,

करूया. पण शेड आधी ठरली पाहिजे, म्हणजे आलो की लगेच काम.

या पार्सलात तीन बाटल्या आहेत. एक, दोन, तीन, झाकणावर आकडे आहेत. तिन्ही राखाडी, तिन्ही नव्या डोळ्याने बनवल्या. डावा मिटून. तिघींत फरक आहे, पण थोडा. तुझ्या टाइलवर लाव, गाडीत ठेव, उन्हात बघ, काय करायचं ते कर. मग मला एकच आकडा कळव.

माझं उत्तर मी पाकिटात बंद केलंय. मामीच्या ताब्यात दिलंय, ती ते उशीखाली ठेवते. तुझं पत्र आलं की ती फोडेल. आईला विचारायचं नाही. पंक्चरवाल्याला विचारायचं नाही.

थेंब घालतो.

मामा

---

१२ एप्रिल

मामा, नमस्कार.

तीन दिवस मी दुसरं काही केलं नाही. प्रमुख बाई म्हणाल्या, विहिरीचं पाणी तरी बघ. तेही बघितलं.

तीनही रंग टाइलवर लावले, आणि तीनही मला आधी सारखेच दिसले. मग पट्टी शेजारी ठेवली. तीन नंबर लगेच बाद, तो थोडा हिरवट आहे. एक नंबर पट्टीशी अगदी जुळतो. इतका की कडा कुठे संपते ते बोटाने शोधावं लागतं. परीक्षेत विचारलं असतं तर मी "एक" लिहून पेपर देऊन टाकला असता. तुमच्या पाकिटातही एक नंबरच असणार, हे मला पहिल्या दिवशीच वाटलं.

पण तुम्ही म्हणालात गाडीत ठेव, म्हणून ठेवला. आणि एक नंबर गाडीत परका दिसतो, मामा. ती पट्टी एकोणीस वर्षं अंधारात होती. गाडी अंधारात नव्हती. सीटांचा रंग उतरलाय, वरचं कापड पिवळसर झालंय, स्टिअरिंग हात लागून लागून चकाकतंय. त्या सगळ्यांमध्ये एक नंबर म्हणजे म्हाताऱ्यांच्या फोटोत नवीन कपडे घालून उभा राहिलेला पाहुणा. दोन नंबर कशाशीच जुळत नाही. पट्टीशी नाही, सीटांशी नाही. पण गाडीत ठेवला की तो दिसेनासा होतो, गाडीच दिसते. सकाळी बघितलं, दुपारी बघितलं, संध्याकाळी बघितलं.

मी चुकत असेन. मी कागदावर कारणं लिहून काढली, त्यात एक नंबरची कारणं जास्त झाली. तरी माझं उत्तर दोन.

आईला विचारलं नाही. तिने मला विचारलं, मी सांगितलं नाही. ती रुसली आहे.

तुमची भाची

---

१६ एप्रिल

पोरी,

तुझं पत्र आलं. मामीने उशीखालून पाकीट काढलं, चष्मा लावला, कात्रीने कड कापली. शिंपी आणि त्याची बायको पण बोलावली होती तिने, साक्षीदार म्हणून. आत कोरा कागद. मामी तो उलटा करून बघते, पाकिटात बघते. मग मला म्हणाली, "फसवलंत पोरीला."

फसवलं नाही. लिहायला बसलो होतो, तासभर पेन धरून. मग लक्षात आलं की मी इथे, गाडी तिथे. माझ्याकडे राखाडी होती ती एकोणीस वर्षांपूर्वीची, ती मी एक नंबरात ओतली. आज काय बसेल ते जो गाडीत बसतो त्याला दिसणार. म्हणून कागद तसाच घडी करून घातला. तू एक लिहिलं असतंस तर एकाचा डबा भरला असता आणि तोंडातून शब्द काढला नसता.

दोनाचा भरला. वर्कशॉपात नेऊन पोरांना दाखवला. त्यांनी विचारलं, मिस्त्री, ही कुठली शेड, पुस्तकात नाही. आमच्याकडे जो शेड ठरवतो त्याचं नाव डब्यावर घालतात, म्हणजे पुढे कमी पडली तर कुणाला विचारायचं ते कळतं. तुझं घातलंय. आता विचारायला येतील, तयार राहा.

शनिवारी सकाळी पोचतो, मामी पण येतेय. डबा मोठा आहे आणि मला जड उचलायची बंदी आहे. स्टँडवर गाडी घेऊन ये.

मामा